इफ्तारचा शेवटचा तास आणि फ्रीजरचा वरचा कप्पा

असरची नमाज झाली की रोजेदार घरातल्या स्वयंपाकघराला घाई चढते. सूर्यास्ताला तास-दीड तास उरलेला असतो. एका शेगडीवर भज्यांचे तेल तापलेले, दुसरीवर हरभऱ्याची उसळ, ओट्यावर फळांचा ढीग. सरबत ढवळायचे असते, मशिदीत पाठवायचा डबा भरायचा असतो, शेजारी द्यायचे ताट झाकायचे असते. हे सगळे करणारी बाई स्वतः पहाटेच्या सहरीपासून पाण्याच्या थेंबाशिवाय असते. मगरीबची अजान होते तेव्हा घरातले सगळे दस्तरखानाभोवती बसलेले असतात. ती मात्र कढईतला शेवटचा घाणा काढून, ओढणीला हात पुसत येते आणि निम्मी उभी असतानाच खजूर तोंडात टाकते.

हे इतके नेहमीचे आहे की घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. रमजानच्या पाककृती छापणाऱ्या पानांच्याही लक्षात येत नाही. त्या पाककृतींमध्ये ‘गरमागरम वाढावे’ हे शेवटचे वाक्य ठरलेले असते. गरमागरम वाढायचे म्हणजे अजान होईपर्यंत कोणीतरी शेगडीपाशी उभे राहायचे.

दही आणि फळांचे गोठवलेले पदार्थ यासाठीच महत्त्वाचे. ते दिसायला छान असतात, मुलांना आवडतात, हे आहेच. पण त्यांचा खरा गुण असा की ते आदल्या रात्री करावे लागतात. तरावीह आटोपून घर शांत झालेले असते, पोटात अन्न आणि पाणी असते, अशा वेळी अर्ध्या तासाचे काम. दुसऱ्या दिवशी अजानच्या पाच मिनिटे आधी फ्रीजर उघडायचा आणि ताट बाहेर काढायचे. चूल नाही, ओव्हन नाही, कढई नाही. शेवटच्या तासातला निदान एक पदार्थ तरी त्या तासातून बाहेर पडतो.

रात्री करण्याचे दुसरेही एक कारण आहे, आणि ते रोजेदार स्वयंपाकीण लगेच ओळखेल. थंड पदार्थात जिभेला गोडी कमी जाणवते. वितळलेले आइस्क्रीम चाखून पाहिलेल्या कोणालाही हे माहीत असते. तेच आइस्क्रीम पातळ झाल्यावर नकोसे गोड लागते. म्हणून गोठवायचे मिश्रण कालवताना ते हवे त्यापेक्षा थोडे अधिक गोड ठेवावे लागते, आणि ते ‘थोडे’ किती हे चाखल्याशिवाय कळत नाही. रोजात स्वयंपाक करणाऱ्या बायका मीठ अंदाजानेच घालतात. जिभेच्या टोकाला लावून लगेच थुंकले तर रोजा तुटत नाही, असे उलेमा सांगतात, पण गरज नसताना तसे करणे पसंत केलेले नाही, आणि बहुतेक जणी ते टाळतातच. मीठ अंदाजाने जमते. द्राक्षे आज आंबट निघाली की गोड, हे अंदाजाने जमत नाही. रात्री निवांत चमचाभर खाऊन बघता येते.

आता मुख्य गोष्ट, दह्याची. दुकानातून आणलेले किंवा घरी लावलेले साधे दही फळांत कालवून थेट फ्रीजरमध्ये ठेवले तर सकाळी बर्फाचा दगड मिळतो. चमचा वाकतो, पण तो फुटत नाही. दह्यात पाणी फार असते आणि ते सावकाश गोठताना त्याचे मोठे, टोकदार स्फटिक होतात. जिभेला ते वाळूसारखे लागतात. यावर उपाय महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे: दही फडक्यात बांधून टांगायचे. चक्का. श्रीखंडासाठी जो चक्का लागतो तोच इथेही लागतो. अरब देशांत याच बांधलेल्या दह्याला लबने म्हणतात आणि ते मीठ व ऑलिव्हचे तेल घालून भाकरीशी खातात. आपण त्याला साखर लावली, एवढाच फरक.

म्हशीच्या दुधाचे दही घेतले तर उत्तम. त्यात स्निग्धांश आणि घनांश दोन्ही गाईच्या दुधापेक्षा जास्त, त्यामुळे चक्काही जास्त निघतो आणि गोठल्यावर मऊ राहतो. एक किलो दह्यातून निम्म्याच्या आसपास चक्का मिळतो, असे धरून चालावे. पांढऱ्या सुती फडक्यात दही घालून गाठ मारावी आणि नळाला टांगावे. खाली पातेले ठेवावे. फेब्रुवारी-मार्चच्या उकाड्यात रात्रभर बाहेर टांगले तर ते आंबते. तीन-चार तास बाहेर निथळू द्यावे आणि मग पुरचुंडी चाळणीत ठेवून, चाळणी पातेल्यावर ठेवून, सगळेच फ्रिजमध्ये सरकवावे. निथळलेले आंबूस पाणी ओतून देऊ नये. सहरीच्या चपात्यांची कणीक त्यात भिजवली तर चपात्या मऊ होतात. नाहीतर कढीत जाते. वेळ नसेल तर डेअरीवर तयार चक्का मिळतोच. तो घरी पुन्हा तासभर निथळत ठेवावा, बहुतेकदा आणखी वाटीभर पाणी सुटते.

साखरेचेही एक गणित आहे. श्रीखंडात चक्क्याच्या जवळजवळ बरोबरीने साखर घालतात. तसे श्रीखंड फ्रीजरमध्ये ठेवले तरी घट्ट दगड होत नाही, चमच्याने निघते. याचे कारण साखरच. साधे पाणी शून्य अंशाला गोठते, साखर विरघळलेले पाणी त्याहून खाली. साखर जितकी जास्त तितके न गोठलेले पाणी मिश्रणात शिल्लक राहते आणि तेवढा मऊपणा. पण रोजा सोडताना एवढे गोड कोणालाच नको असते; शिवाय दस्तरखानावर खजूर आणि सरबत आधीच असतात. तडजोड म्हणून अर्धा किलो चक्क्याला सव्वाशे ग्रॅम पिठीसाखर पुरते. मऊपणाची उणीव दोन-तीन चमचे घट्ट सायीने भरून काढावी. चिमूटभर मीठ घालावे, त्याने गोडी खुलते. वेलची आवडीप्रमाणे.

पहिला पदार्थ सगळ्यांत सोपा. याला नाव काहीही द्या, गोठवलेल्या दह्याची चिक्की म्हणायला हरकत नाही. वरच्या प्रमाणाचा चक्का पुरणयंत्रातून काढून किंवा रवीने फेटून एकजीव करायचा. स्टीलच्या ताटाला बटर पेपर लावायचा. नसेल तर दुधाची पिशवी स्वच्छ धुऊन, कापून, कोरडी करून लावली तरी चालते. त्यावर मिश्रण अर्ध्या बोटाच्या जाडीचे पसरायचे. जाडी महत्त्वाची. पातळ थर लवकर गोठतो आणि लवकर गोठणाऱ्या थरात स्फटिक बारीक राहतात. ताट स्टीलचेच हवे, कारण प्लॅस्टिकपेक्षा धातूतून गारवा लवकर पोहोचतो. वर फळांचे काप दाबून बसवायचे, थोडा पिस्ता किंवा बदाम भुरभुरायचा आणि ताट झाकून फ्रीजरमध्ये. चांगल्या फ्रीजरमध्ये चार-पाच तास लागतात. एकाच दाराच्या जुन्या फ्रिजमधल्या बर्फाच्या खणात रात्रभर. खाताना हाताने तुकडे मोडायचे. पाच मिनिटे बाहेर ठेवले की दातांना सोसतात.

फळांची निवड ही मात्र हौसेची बाब नाही, तिच्यात कारण लागते. फळ जितके पाणचट तितके ते गोठून कठीण होते. कलिंगड हे याचे टोक. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच. कलिंगडाचे तुकडे दह्यात घालून गोठवले तर खाताना गारगोट्या चावल्यासारखे होते. त्यापेक्षा कलिंगडाचा गर लिंबू आणि थोड्या साखरेबरोबर मिक्सरमधून काढून कुल्फीच्या साच्यात घालावा, तिथे त्याचा बर्फ शोभतो. केळे याच्या अगदी उलट. गर घट्ट, गोडी भरपूर. पिकलेल्या केळ्याच्या चकत्या रात्रभर गोठवून सकाळी मिक्सरमध्ये फिरवल्या तर दूध-साय काहीही न घालता आइस्क्रीमसारखा मऊ लगदा होतो. चिकूही तसाच. आणि ही दोन्ही फळे पिकून मऊ पडली की बाजारात त्यांना कोणी विचारत नाही. रात्री गाडी आवरताना फळवाला जो मऊ माल स्वस्तात देऊन टाकतो तो फ्रूट चाटला चालत नाही, पण गोठवायला तोच योग्य. रमजानमध्ये फळांचे भाव चढतात अशी तक्रार करणाऱ्यांनी एकदा इशाच्या नमाजनंतर बाजारात फिरून बघावे.

केळ्याच्या जाड चकत्या चक्क्यात बुडवून, शेंगदाण्याच्या कुटात किंवा सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवून ताटात सुट्या मांडायच्या. एकमेकींना चिकटू द्यायच्या नाहीत. दोन तासांत वरून कडक झाल्या की डब्यात भरायच्या; आधीच डब्यात भरल्या तर सकाळी एकच गोळा निघतो. द्राक्षांचेही असेच. नाशिककडची द्राक्षे या दिवसांत भरात असतात. धुऊन, पुसून, अगदी कोरडी करून गोठवली तर आत सरबतासारखा भुरभुरीत गर तयार होतो; चक्क्याचा पातळ लेप दिला तर आणखी छान. मात्र एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावी: पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे द्राक्ष देऊ नये, गोठवलेले तर मुळीच नाही. घशात अडकते. उभे चार तुकडे करून द्यावे.

स्ट्रॉबेरी महाबळेश्वरची, मार्चपर्यंत मुबलक. चिरून त्यावर दोन चमचे साखर घालून अर्धा तास ठेवावी. जो रस सुटतो तो निथळून सरबतात वापरावा आणि उरलेले काप चक्क्यात घालावेत. रसासकट घातले तर पुन्हा बर्फच. पुरंदरचे ओले अंजीर मिळाले तर त्याला कशाचीच जोड लागत नाही. चार फाका करून दह्याच्या थरावर ठेवले की पुरे. डाळिंबाचे दाणे गोठल्यावर खड्यांसारखे होतात, काहींना ते आवडते, आजोबांच्या दातांना आवडत नाही. संत्र्याची फोड सालीसकट गोठवली तर चामड्यासारखी लागते, पातळ साल काढून आतला गर वापरावा. सफरचंद गोठवूच नये.

अननस आणि किवी यांच्याबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण इथे पदार्थ फसला की दोष दह्याला दिला जातो. या फळांत दुधातली प्रथिने तोडणारे पाचकद्रव्य असते. कच्चा अननस दह्यात घालून ठेवला की तासाभरात ते कडवट होऊ लागते. गोठवल्याने हे द्रव्य नष्ट होत नाही, उष्णतेने होते. म्हणून डब्यातला अननस दह्यात कडू होत नाही, तो आधीच उकळलेला असतो. ताजा अननसच वापरायचा असेल तर साखरेत पाच-सात मिनिटे शिजवून, पूर्ण गार करून घालावा. कच्च्या पपईतही असेच द्रव्य असते, मटण मऊ करायला आपण ती लावतो ती त्याचसाठी. पूर्ण पिकलेल्या पपईत ते बरेच कमी असते, तरी कालवून लगेच गोठवावे.

खजुराचा गुण वेगळाच. त्यात साखर इतकी दाट आणि पाणी इतके कमी की फ्रीजरमध्येही तो कडक होत नाही, टॉफीसारखा चिवट होतो. बी काढून पोटात घट्ट चक्का भरायचा, वर एक बदाम टोचायचा आणि गोठवायचे. रोजा मात्र साध्या खजुराने आणि पाण्यानेच सोडावा. ती सुन्नत आहे आणि सोयीचीही आहे. दिवसभर कोरड्या राहिलेल्या तोंडात पहिला घास बर्फाचा गेला की दात शिवशिवतात आणि कपाळात कळ येते. गार पदार्थ मगरीबची नमाज झाल्यावर, दहा-पंधरा मिनिटांनी खावा. तोवर तोही हवा तेवढा मऊ होतो.

गारव्याचा शौक आपल्याकडे आजचा नाही. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बादशाहाच्या पाण्याच्या व्यवस्थेवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. सोरा पाण्यात विरघळताना पाणी गार होते, त्या गार पाण्यात पिण्याच्या पाण्याची सुरई फिरवायची, ही युक्ती त्यात आहे. १५८६च्या सुमारास दरबार लाहोरला गेल्यावर उत्तरेच्या पहाडातून बर्फ आणवला जाऊ लागला, होड्यांतून, गाड्यांतून आणि माणसांच्या डोक्यावरून. १८३३मध्ये तर अमेरिकेतल्या बोस्टनहून तळ्यांतला बर्फ भुशात बांधून जहाजाने कलकत्त्याला आला, चार महिन्यांचा प्रवास करून. मद्रासमध्ये तो साठवायला बांधलेले बर्फघर आजही उभे आहे. पुढे १८९७मध्ये स्वामी विवेकानंदांचा मुक्काम त्याच इमारतीत होता. ज्या गोष्टीसाठी बादशाहाला एवढा खटाटोप करावा लागला ती आज दोन खोल्यांच्या घरात एका कप्प्यात मावते. आणि त्या कप्प्यात रमजानमध्ये नेमकी जागा नसते.

जागेचा प्रश्न खरा आहे. पहिल्या रोजाच्या आधीच फ्रीजर भरून जातो: खिम्याची पाकिटे, समोशाच्या पट्ट्या, शामी कबाबचे गोळे, वाटलेले आले-लसूण. दही हे वास शोषून घेणारे. उघड्या ताटात ठेवलेला चक्का सकाळी लसणाचा वास मारतो. झाकणाचा डबा हवा, आणि तो सगळ्यांत वर. कच्चे मटण नेहमी खाली, म्हणजे पाणी सुटले तरी दुसऱ्या कशावर ठिबकणार नाही. हा स्वच्छतेचा नियम आहे, पण मिश्र वस्तीत त्याला आणखी एक अर्थ येतो. शेजारी शाकाहारी असतात. ताट पाठवायचे तर ते त्यांनी निःशंक मनाने खावे, ही जबाबदारी पाठवणाऱ्याची. त्यासाठी एक डबा, एक ताट, एक सुरी फक्त या कामाला वेगळी ठेवणे अवघड नाही. अनेक घरे ते करतातही, गाजावाजा न करता.

मग जिन्यावरचे बोलणे असे होते.

“भाभी, यात जिलेटिन-बिलेटिन नाही ना? आज आईंची एकादशी आहे.”

“नाही वहिनी. घरचा चक्का, केळी आणि शेंगदाण्याचा कूट. मीठही सैंधव घातलंय. डबा वेगळा आहे, वरच्या कप्प्यातला.”

“मग आईंना देते. तुमचं झालं का सगळं?”

“व्हायचंय. भजी तळायची आहेत अजून.”

जिलेटिनची चौकशी दोन्ही घरांना सारखीच करावी लागते. ते जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून बनते. बाजारातल्या जेलीत, काही गोड पदार्थांत ते असते. शाकाहारी माणसाला ते चालत नाही आणि मुसलमानाला ते कोणत्या जनावराचे, कसे कापलेले, हे कळल्याशिवाय चालत नाही. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे दोघांनाही वाचावी लागतात. बांधलेल्या दह्याला मुळात घट्ट करायला कशाची गरजच नसते. कोणाला तरीही वड्या पडायला हव्या असतील तर चायना ग्रास आहे, ते समुद्री शेवाळापासून होते आणि आपल्या घरांत पुडिंगसाठी वर्षानुवर्षे वापरात आहे.

एकादशीचा विषय निघाला म्हणून एक गंमत. इस्लामी महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो आणि महाराष्ट्रातला मराठी महिना अमावास्या संपल्यावर. त्यामुळे दोन्ही महिने एखाद-दोन दिवसांच्या अंतराने बरोबरच चालतात. नवव्या-दहाव्या रोजाच्या आसपास शुद्ध एकादशी येते आणि पंचविसाव्याच्या आसपास वद्य. म्हणजे रमजानच्या महिन्यात शेजारच्या घरी निदान दोनदा उपवास असतोच, आणि दही-फळांचा पदार्थ दोन्ही घरांना चालतो. मराठी पंचांगात साधारण तीन वर्षांनी अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ राखला जातो. इस्लामी वर्षात तसे नाही, ते दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. म्हणून २०१७मध्ये रमजान ऐन मे-जूनमध्ये होता, फ्रीजरमध्ये तेव्हा हापूस होता. आता फेब्रुवारी-मार्च आहे, आणि द्राक्षे, स्ट्रॉबेरी, अंजीर आहेत. पाच-सहा वर्षांनी थंडीतला रमजान येईल तेव्हा गोठवलेले दही कोणी मागणार नाही, पेरू भाजून तिखट-मीठ लावून खातील.

साखरेबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. ‘फळे आणि दही, म्हणजे प्रकृतीला चांगलेच’ असे म्हणून हे पदार्थ मधुमेही माणसासमोर ढकलले जातात. फळ गोठवल्याने त्यातली साखर कमी होत नाही. फक्त जिभेला ती कमी जाणवते, आणि म्हणून जास्त खाल्ले जाते. खजूर, सरबत आणि वर चार तुकडे, एवढे पहिल्या अर्ध्या तासात पोटात गेले तर त्या दिवसाचे पथ्य संपलेच. अशा माणसासाठी ताटाचा एक कोपरा वेगळा करावा. बिनसाखरेचा चक्का, मिठाचा कण, भाजलेल्या जिऱ्याची पूड, पुदिना आणि स्ट्रॉबेरीचे दोन-तीन काप. गोठलेली ही खारट-आंबट वडी दिवसभराच्या उपासानंतर चांगली लागते, गोडापेक्षाही. रोजे धरावेत की नाही आणि किती खावे, हे मात्र डॉक्टरांना विचारूनच.

दही गोठवले की त्यातले उपयोगी जीवाणू मरतात, असा एक समज आहे. काही मरतात, बरेचसे निपचित पडून राहतात आणि गारवा गेला की पुन्हा जागे होतात. खरी अडचण जीवाणूंची नाही, विजेची आहे. आपल्या गावांत उन्हाळा चढू लागला की दुपारची वीज जाते. दोन तासांत फ्रीजर न उघडता ठेवला तर फारसे बिघडत नाही. पण मिश्रण पूर्ण वितळले तर ते पुन्हा गोठवू नये. चोथा-पाणी होते आणि ते खाणेही बरे नव्हे. अजून गार असेल तर त्याच संध्याकाळी पाणी घालून घुसळावे, फळांची लस्सी होते. तशी ती वाईट नसते.

या कामात एक सोय आहे जिचा फायदा फार थोडी घरे घेतात. यात आग नाही, तेल नाही. दहा वर्षांची मुलगी चक्का फेटू शकते. तेरा वर्षांचा मुलगाही फेटू शकतो, त्याच्या हाताला काही होत नाही. लहान मुलाच्या पहिल्या रोजाचा, रोजाकुशाईचा कार्यक्रम घरोघरी होतो, हार घालतात, फोटो काढतात. त्याच मुलाला आदल्या रात्री केळ्याच्या चकत्या घोळवायला बसवले तर दुसऱ्या दिवशी चार वाजता भुकेने कासावीस झालेला असताना त्याला फ्रीजरमधली आपली ताटली आठवत राहते. थोडी कठीण परीक्षा आहे, पण अजानच्या वेळी ती ताटली तो स्वतः आणतो आणि सगळ्यांना वाढतो. नवरे मंडळींनाही हे जमते. डेअरीवरून चक्का आणणे हे त्यांचे काम मानले जातेच. तिथून पुढे फेटण्यापर्यंतचे अंतर फार नाही.

चक्का आणायचा मात्र वेळेवर. यंदा गुढीपाडवा १९ मार्चला आहे आणि ईद चंद्रदर्शनाप्रमाणे २० किंवा २१ मार्चला. ही शेजारगाठ सलग तिसऱ्या वर्षी पडते आहे: २०२४मध्ये ९ एप्रिलला पाडवा आणि ११ला ईद, गेल्या वर्षी ३० मार्चला पाडवा आणि ३१ला ईद. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे पुढच्या वर्षी ही जोडी फुटेल आणि ईद पाडव्याच्या जवळपास महिनाभर आधी येईल. तेव्हा या वर्षी रमजानच्या शेवटच्या आठवड्यात डेअरीसमोर दोन रांगा एकत्र होणार. एक श्रीखंडाच्या चक्क्याची, दुसरी शीरखुर्म्याच्या दुधाची. पाडव्याच्या दोन दिवस आधी चक्का मिळणे कठीण, त्यामुळे आठवडाभर आधीच सांगून ठेवावे किंवा घरी दही लावावे. चाँदरातीपर्यंत फ्रीजरचा वरचा कप्पा रिकामा करावा. त्या रात्री तिथे दुधाच्या पिशव्या ठेवायच्या असतात, आणि ताटातले उरलेसुरले तुकडे संपवायला मेंदी काढायला आलेल्या मुली असतातच.